पडघा–पडघा, रांजणमार्गे

पडघ्याच्या नाक्यावर तुम्ही कटिंग घेऊन उभे आहात. समोर मुंबई-नाशिक महामार्गावर कंटेनरची रांग आहे, मागं पत्र्याच्या गोदामांची. भाताच्या खाचरांत ही गोदामं कधी उगवली, हे चहावाल्यालाही नेमकं सांगता येत नाही. आता समृद्धी महामार्ग पलीकडं आमण्याला येऊन टेकलाय, त्यामुळे उरलीसुरली खाचरंही भाव खाऊ लागलीत. पाऊस नुकता लागलाय आणि टपरीच्या मागं टाकळा माजलाय. कोवळा आहे, भाजी करण्याजोगा. तो ध्यानात ठेवा. तुमच्या अंगातली, गुडघ्यांवर पांढरी पडत चाललेली जीन्सही ध्यानात ठेवा. आजचा सगळा प्रवास तिच्या रंगाचा आहे.

लाल एसटी येते. पाटी वाचा: पडघा–पडघा, रांजणमार्गे. असल्या पाटीच्या गाडीत शहाण्या माणसानं चढू नये, पण खिडकीची जागा रिकामी आहे. कंडक्टर तिकिटाचं यंत्र काढत नाही. काढतो ती जुनी पत्र्याची पेटी, रंगीत तिकिटांच्या चळतीची. चिमटा टकटक वाजवत विचारतो, "कुठलं साल?"

"१८८०च्या आसपास."

"१९४८च्या मागं एसटी जात नाही. तेव्हा एसटीच नव्हती. तिथं उतरायचं, पुढं बैलगाडी बघायची. सुट्टे द्या."

गाडी उलटी निघते. गोदामं एकेक करून खाचरांत विरघळतात. १९९९ला थेट चंद्रपुरापासून साडेसातशे किलोमीटर धावत पडघ्यापर्यंत वीज आणणाऱ्या तारा मनोऱ्यांसकट दिसेनाशा होतात. रस्ता चौपदरीचा दुपदरी होतो. १९८३ला गाडी उगाच एक गचका खाते. "परत येताना थांबू इथं," कंडक्टर म्हणतो. मग भिवंडीच्या मागांचा खडखडाट कमी कमी होत जातो, आणि १ जून १९४८ला, एसटीच्या पहिल्याच दिवशी, तुम्ही खाली उतरता.

पुढचं अंतर बैलाच्या पावलांनी काटायचं. आग्रा रोड आता लाल मुरुमाचा आहे. १८६५पासून आगगाडी थळ घाट चढून इगतपुरीला जाते, तेव्हा मोठा माल रुळांवर गेलाय. रस्त्यावर उरलेत छोटे व्यापारी, बाजारकरी आणि त्यांची बैलं. पडघ्याला गाड्या सोडतात, चुली पेटतात. येवल्याकडून आलेला एक कापडवाला गाठोडं सोडतो आणि कंदिलाच्या उजेडात तुम्हाला एक चंद्रकळा दाखवतो. काळी म्हणून तुम्ही हात पुढं करता. घडी उलगडली की कळतं, काळी नाही. निळीत इतक्यांदा बुडवलीय की निळ्यालाच काळोख आलाय. तुम्ही अंगठा घासता, अंगठा निळा होतो. कापडवाला हसतो. "पक्का रंग आहे. वरचा सुटेल, आतला राहील."

(हा कापडवाला माझ्या कल्पनेतला. चंद्रकळा, आग्रा रोड आणि अंगठ्याला लागणारा रंग मात्र खरे.)

आता त्या गाठोड्याच्या उलट वाटेनं जा. घाट चढून देशावर, निराळ्याच्या घरी. निराळी म्हणजे निळीचे रंगारी. लाल-पिवळं करणारे वेगळे, छपाई करणारे भावसार वेगळे. घर वासावरून सापडतं. शेण, ओला चुना, आंबलेला गूळ आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही. अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण आहेत, तोंडावर झाकणं. निराळ्याचे हात कोपरापर्यंत निळे, नखं जवळजवळ काळी. त्याच्या बायकोचेही तसेच. दोघं ताटावर बसली की भाकरी तेवढी पांढरी दिसत असेल.

तो एक झाकण सारतो. पाणी निळं नाही! तुम्ही निळ्याच्या अपेक्षेनं वाकलात आणि आत आहे हिरवट-पिवळं, करडईच्या जुन्या तेलासारखं काहीतरी. वर तांब्याच्या झाकेची साय. तो बोट बुडवून हुंगतो, जिभेला लावतो, थुंकतो.

"जिता हाय," म्हणतो.

"कोण?"

"रांजण."

हे वाक्य तुम्ही पुढच्या दीडशे वर्षांत बरोबर न्या, कारण ते अलंकारिक नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही. वाटून घातली तर गाळासारखी तळाशी बसते, धाग्याला शिवतसुद्धा नाही. ती विरघळायची तर तिचा रासायनिक हिशेब बदलावा लागतो. म्हणून निराळी चुना घालतो, गूळ घालतो, आणि टाकळ्याचं बी शिजवून घालतो. होय, तोच टाकळा. चुन्यानं पाणी अल्कधर्मी होतं. गूळ आणि बी हे जेवण आहे. जेवणारे डोळ्यांना दिसत नाहीत. झाकणाखाली हवा संपली की हे जंतू आपल्या पोटातला नकोसा झालेला भार निळीवर टाकतात, नीळ पिवळसर होऊन विरघळते आणि सुताच्या आत शिरते. निराळ्याला जंतू ठाऊक नाहीत. त्याला एवढंच ठाऊक आहे की थंडीत रांजण सुस्तावतो, भूक मारली तर मरतो, जास्त खायला घातलं तर नासतो. युरोपात वोड नावाच्या झाडापासून नीळ करत. तिच्या रांजणातला एक जंतू वेगळा काढून त्याला क्लॉस्ट्रिडियम आयसॅटिडिस हे नाव मिळायला १९९९ साल उजाडलं. म्हणजे कामगार हजारो वर्षांचा, हजेरीपटावर नाव कालपरवा.

निराळ्याची बायको पंचा बुडवून पिळून काढते. पंचा हिरवा! तुम्ही हात पुढं करता.

"हात नका लावू, पाव्हणं. वारा लागू द्या."

तुम्ही बघत राहता. कडेपासून सुरुवात होते. हिरव्यावर एक ढग सरकल्यासारखा होतो, मग मोरपिशी, मग निळा. वाऱ्यातला प्राणवायू जंतूंनी टाकलेला तो भार काढून घेतो, नीळ पुन्हा न विरघळणारी होते आणि धाग्यातच अडकून बसते. पुन्हा बुडवायचं, पुन्हा वारा, थरावर थर. तुमच्या जीन्सचा गुडघा पांढरा का पडतो, ते इथं कळतं. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत क्वचितच पोचते. वरचे थर झिजले की आतला कोरा कापूस डोकावतो, आणि त्याच झिजेला आपण फॅशन म्हणून जास्त पैसे मोजतो.

इथून निघवत नाही, पण १८९७ची तार आली आहे. ती थोडक्यात आटपू. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोलटारपासून क्विनाइन करायला बसला आणि जांभळा रंग करून उठला. मग रंगशास्त्र जर्मनांनी उचललं. आडोल्फ फॉन बायरनं नीळ प्रयोगशाळेत घडवली, तिची रचना उलगडली आणि १८९७ला बीएएसएफ कंपनीनं ती बाजारात ओतली. बंगाल-बिहारच्या निळीच्या मळ्यांचं काय झालं ते चंपारणच्या धड्यात आपण शाळेत वाचलं. खानदेशातही गुळीचं पीक पूर्वी होत असे. गुळी म्हणजे हीच नीळ. तिच्यासाठी धडा नाही.

पण माझ्या मते धड्यात न आलेली मोठी गोष्ट दुसरीच आहे. डब्यातली जर्मन नीळ झाडाच्या निळीसारखीच होती, अणूला अणू. झाडाची, कोळशाची की जंतूची, ही जात रेणूवर लिहिलेली नसते. निराळ्याला ती फक्त स्वस्त पडली. बदल घडला तो पुढच्या डब्यानं. सोडियम डायथायोनाइट, ज्याला रंगारी आजही नुसतं 'हायड्रो' म्हणतात. चमचाभर टाका, नीळ घटकाभरात पिवळी. गूळ नको, टाकळा नको, थंडीत पांघरूण नको, जिभेला लावणं तर नकोच. रांजण मेला आणि कुणाला सुतकही आलं नाही.

एसटी १९४८ला तुमची वाट बघतेय. परतीच्या वाटेवर गाडी माटुंग्यावरून नेली म्हणून कुरकुर करू नका, दोन मिनिटांचं काम आहे. १९३३ला सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग इथलाच, गिरण्यांच्या शहराला शोभेल असा: कापडाच्या रसायनशास्त्राला पहिल्या दिवसापासून जागा. त्याचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन हे रंगांच्या रसायनशास्त्रातले जगभर मानलेलं नाव. पुढं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक तेच. त्या पिढीला कोलटारमधून रंग काढण्यात कमीपणा वाटत नव्हता, वाटायचं कारणही नव्हतं. स्वतंत्र देशाला आपला रंग आपण करायचा होता.

१९८३. गाडी गचका खाऊन थांबते. "कॅलिफोर्निया आमच्या हद्दीत येत नाही," कंडक्टर म्हणतो, "खिडकीतनं बघा."

खिडकीतून दिसतं थाउजंड ओक्स गाव आणि अ‍ॅमजेन नावाची तेव्हा नवखी कंपनी. बर्ट एन्सली आणि त्याचे सोबती डांबरगोळ्यांचा विचार करताहेत. आपल्या कपाटात आजीच्या साडीच्या घडीत ठेवतात त्याच, नॅप्थलीनच्या. मातीतल्या सुडोमोनास जातीच्या जंतूला नॅप्थलीन खाता येतं. ती पचवणारी जनुकं उचलून या मंडळींनी ई. कोलाय या आपल्या आतड्यात राहणाऱ्या जंतूत घातली, पचन कसं होतं ते बघायला. बशीतल्या वसाहती निळ्या झाल्या. निळीसाठी कुणी नवस बोललेला नव्हता.

झालं असं. ई. कोलाय आपल्या खाण्यातल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल नावाचा पदार्थ करतो. शौचाच्या वासात हे इंडोल असतं आणि, सांगू नये पण सांगतो, मोगऱ्याच्या वासातही असतं. मात्रेचा फरक. डांबरगोळी पचवणाऱ्या विकराला इंडोलचा आकार ओळखीचा वाटला, त्यानं त्याला प्राणवायू चिकटवला, आणि पुढचं काम हवेनं केलं. दोन तुकडे जुळून नीळ. चंद्रकळेचा रंग करणारं जनुक, चंद्रकळा कसरीपासून वाचवणाऱ्या गोळीमुळं सापडलं. असली गोष्ट लेखकानं रचली असती तर संपादकानं कापली असती.

त्यानंतर नव्वदच्या दशकात जेनेन्कॉर कंपनीनं या जंतूला मोठ्या टाक्यांत वाढवलं. आधी रंगात लालसर झाक येई. आयसॅटिन नावाचा उपपदार्थ नीळ होण्याआधीच वाट चुकवून तिचा लाल भाऊ इंडिरुबिन करी. आयसॅटिन मोडणारं आणखी एक विकर घालून तेही जमवलं. जीन्स रंगल्या, ओळखू आल्या नाहीत. पण कोळशाच्या निळीचा भाव जंतूच्या निळीला गाठता आला नाही. शास्त्र पास, दुकान नापास. ॲनिलीन, फॉर्माल्डिहाइड आणि सायनाइडची संयुगं वापरून आजही दरवर्षी हजारो टनांनी नीळ होते ती त्यामुळं.

पुढच्या थांब्यांवर उतरायचं नाही, नुसतं बघायचं. ऑगस्ट २०१७, तळोजा: कासाडी नदीकाठची भटकी कुत्री निळी झालीत. कारखान्याच्या रंगानं. धुतल्यावर रंग गेला, छायाचित्रं राहिली. फेब्रुवारी २०२०, डोंबिवली: एमआयडीसीतला रस्ता गुलाबी. जून २०२०, लोणार: टाळेबंदी आहे, काठावर माणूस नाही, आणि उल्केच्या विवरातलं सगळं सरोवर गुलाबी झालंय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. पाणी आटून खारेपणा वाढला तसे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांच्या अंगातला रंग पाण्याला आला. पुढं त्यांचा गाळ तळाशी बसला आणि पाणी पुन्हा पहिल्यासारखं. तीन थांबे, तिन्हींकडे नको तिथं रंग, पण तिसऱ्या ठिकाणी प्रदूषण मंडळाचा अधिकारी नोटीस कुणाला देणार?

निसर्गात असे रंगारी पुष्कळ आहेत. सेराशियाचा लाल प्रोडिजिओसिन, क्रोमोबॅक्टेरियमचा जांभळा व्हायोलासिन, स्ट्रेप्टोमायसिसचा निळा. २०२१ला दक्षिण कोरियातल्या काइस्ट संस्थेनं ई. कोलायच्या वेगवेगळ्या वाणांकडून इंद्रधनुष्याचे सातही रंग करून घेतले. ब्रिटनच्या कलरिफिक्स कंपनीचे जंतू तर रंग थेट कापडावर आणून सोडतात. इकडं वैशाली कुलकर्णी आणि अर्जुनसिंग बजवा यांच्या केबीकोल्स सायन्सेसनं जनुकं न बदलता, निसर्गातच सापडणारे रंगीत सूक्ष्मजीव वाढवायचा रस्ता धरला. मला तो रस्ता आपल्याकडं जास्त चालणारा वाटतो. जनुकं बदललेल्या जंतूला १९८९च्या नियमांखाली परवानग्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या असायलाच हव्यात. शिवाय व्हायोलासिनसारखा देखणा रंग उन्हात टिकत नाही. पडघ्याच्या दोरीवर चार दुपारी वाळलेली जांभळी साडी पाचव्या दुपारी कुठल्या रंगाची असेल, हा प्रश्न 'नैसर्गिक' या शब्दानं सुटत नाही.

कंडक्टर मागं वळून बघतो. "पुढचं तिकीट पाहिजे? हमी नाही. रस्ता झालेला नाही अजून."

द्या म्हणा.

पडघा, साल तुम्हीच घाला. गोदामाची पत्र्याची शेड तीच, पण दारावर कंटेनर लागलेला नाही, मळीचा टँकर लागलाय. नगरच्या एखाद्या साखर कारखान्याची मळी असावी. आत दोन मजली पोलादी टाकी, तिच्या पोटात सतत हवा फुगवली जातेय. निराळ्यानं हवेला झाकणाबाहेर ठेवलं होतं, इथं हवा विकत आणून कोंबतात, कारण निराळ्याचे जंतू नीळ विरघळवत आणि हे नीळ घडवतात. ही दोन कामं वेगळी आहेत आणि बातम्यांत ती नेहमी एक होऊन येतात. जंतूनं केलेली नीळ पावडर होऊन पोत्यात भरली आणि रंगवताना पुन्हा हायड्रोच घातला, तर सांडपाणी जवळपास तेच. इथून भातसा नदी लांब नाही. तिच्यातूनच पिसे इथं मुंबईचं पाणी उचलतात.

म्हणून या शेडमध्ये मी तुम्हाला दुसरी खोलीही दाखवतो, आणि ही माझी हाव आहे, कुणाचा प्रकल्प अहवाल नव्हे. २०१८ला बर्कलीतल्या जॉन ड्यूबरच्या प्रयोगशाळेनं झाडाचीच युक्ती जंतूला शिकवली: नीळ होण्याआधीच्या रेणूला साखरेचा एक खडा बांधून ठेवायचा, म्हणजे तो विरघळलेलाच राहतो, कापडावर गेल्यावर विकरानं खडा सोडायचा, म्हणजे तिथल्या तिथं नीळ. हायड्रो नको. निळीच्या पानातही हेच असतं. शंभर-सव्वाशे वर्षं कोळशातून फिरून विद्या पानापाशी परत आली. त्या खोलीत भिवंडीच्या मागावरून उतरलेलं कोरं कापड, धंद्यातलं 'ग्रे', पट्ट्यावरून सरकतंय. आणि कोपऱ्यात, तापमान राखणाऱ्या पेटीत, एक रांजण. खरा, मातीचा. कशाला ठेवलाय विचारू नका, मी ठेवलाय.

रात्रपाळीची ऑपरेटर पडघ्याचीच मुलगी आहे, हातात मोजे, नखं स्वच्छ. पडद्यावर आम्लता, हवा, साखर यांच्या रेघा चालल्यात. ती त्या बघते आणि तरी दर तासाला टाकीच्या हवा सुटणाऱ्या नळीपाशी जाऊन नाक लावते.

"यंत्रं असताना?"

"यंत्र मागनं सांगतं. वास बदलला की समजायचं, आत दुसरं कोणतरी शिरलं. मग सगळा घाणा ओतायचा." घरी विरजण लावतात तसंच आहे, म्हणते, फक्त इथं बिघडलं तर कढी करता येत नाही. गेल्या महिन्यात दोन घाणे गेले. साहेबांनी हिशेब मागितला. कोळशाच्या निळीचा भाव तेव्हाच उतरला होता म्हणे.

पट्ट्यावरून कापडाचं टोक बाहेर येतं. अजून निळं नाही, ओलं, फिकट, कुठल्याच रंगाचं नसल्यासारखं. तुमचा हात आपोआप पुढं जातो. ती ओरडते त्याआधीच तुम्ही तो मागं घेता.

बाहेर एसटी हॉर्न देतेय. शेडच्या भिंतीला लागून टाकळा गुडघाभर वाढलाय. शेंगा धरल्यात.